भानवशीवरची बाटली

बाटली कोमट व्हती. बोटाएवढी काचेची बाटली माझ्या मुठीत, आन् ती कोमट, कोंबडीच्या पोटाखालनं आत्ताच काढलेल्या अंड्यासारखी, आन् भाईर बोळात नर्सबाईच्या चपला वाजलालत्या. आत्याबाईनं, म्हंजी माझ्या सासूनं, ती माझ्या हातातनं काढून घेतली, पदराला पुसली, थर्मासातल्या बर्फात परत खुपसली, झाकन फिरवलं आन् माझ्याकडं बघून बोट ओठावर ठेवलं.  आज सकाळी बर्फवाल्याची हातगाडी दारावरनं गेली, भुशाचा तसला ओला लाकडी वास आला, आन् मी तांब्या घेऊन उंबऱ्यातच हुबी ऱ्हायले. त्यो वास आला की माझ्या मुठीत अजून ती ऊबच लागती. बर्फाच्या वासानं ऊब लागावी, ह्ये कुनाला सांगायचं? म्हनून तुमाला सांगते, तुमी बी लेकुरवाळ्याच असनार.

त्या बाटलीत पोलिओचं औशिद व्हतं. लेकरांचं पाय जात्यात त्यो रोग. आमच्या पल्याडच्या बोळात एक पोरगी हाय. चालायला लागली व्हती, पैंजन वाजवत ह्या घरातनं त्या घरात हिंडायची. मग साधा ताप आला, सगळ्याच लेकरांना येतो तसला, आन् ताप उतरला तवा एक पाय चिंधीगत लोंबायला लागला. तिची आई तिला कडंवर घेऊन नळाला येती. घागर भरताना त्यो पाय हालतो, म्हंजी आई हालती म्हनून हालतो. मी रोज ठरवून जाते की आज तिकडं बघायचं न्हाय, आन् रोज बघते. माझं पोरगं तवा नुकतं रांगायला लागलं व्हतं, आन् त्याचं पाय कसलं, जात्याच्या खुंट्यागत, आंघोळीच्या टायमाला लाथ मारली तर तांब्या पालथा व्हायचा. त्या पायांचीच मला भीती पडली व्हती. एवढं जोरकस काय असलं की तेच जातंय असं वाटतं की न्हाय आपल्याला?

तवा नर्सबाईनं सांगितलं की आता ह्याचं थेंब निघाल्यात, सरकारी दवाखान्यातनं फुकट मिळत्यात, तोंडातनंच द्यायचं, सुई न्हाय काय न्हाय. मला आधी लई बरं वाटलं. देवीची लस आमी सगळ्यांनीच दंडावर घेतलेली, तिचा वन अजून हाय, आन् देवीचा रोगी दावला तर बक्षीस म्हनून जे भितीवर रंगवलं व्हतं त्याची अक्षरं पुसट व्हायला लागली व्हती तरी रोगी काय कुनाला घावत नव्हता. म्हंजी औशिदानं रोग जातो ह्ये डोळ्यानं बघितल्यालं. पन मग नर्सबाई सहज बोलून गेली की ह्या थेंबात त्याच रोगाचं जंतू हायत, जित्तं, फकस्त माणसाळल्यालं.  वाघ माणसाळला म्हनून कुनी पाळन्यात ठेवतं का?

आमच्या माडीवरच्या खोलीत कॉलेजात शास्त्र शिकवनाऱ्या एक बाई भाड्यानं ऱ्हायच्या. एकट्या. सैपाकाचा कंटाळा, म्हनून सांजचं जेवान म्हंजी चुरमुरं, कांदा आन् शेंगाची चटनी. बोळातल्या बायका त्यांना हसायच्या, "एवढं शिकून चुरमुऱ्यावर जगतीया," म्हनायच्या, पन कुनाचं काय अडलं की जिना चढून त्यांच्याकडंच जायच्या. मी बी गेले. पोरगं कडंवर, धापा टाकत. म्हनलं, "बाई, रोग हटवाया रोगच पाजायचा म्हंजी काय वो?" त्या वहीतनं मान वर न करता म्हनल्या, "बस आधी. पाणी पी." मग मला म्हनल्या, "जंतू म्हणजे किडा नव्हे गं. ह्याला तोंड नाही, पोट नाही, श्वास नाही. आत एक बारीक दोरा आणि त्याच्याभोवती कवच. एवढाच संसार."

"मग त्यो जित्ता हाय का मेल्याला?"

"त्यावरून शहाण्या लोकांची अजून भांडणं चालू आहेत."

मला हसू आलं. मग मी इच्यारलं की एवढं बारीक कवच त्याला शिवून कोन देतं. मी लहान लेकरांची टोपडी शिवते, माप, कातर, टाका ह्याच्या भाईर मला काय सुचत न्हाय. बाई म्हनल्या कोनीच न्हाय. मी म्हनलं असं कसं, कोनीतरी असंलच की. त्यांनी परातीत पानी वतलं आन् चुरमुऱ्याची चिमूट त्याच्यावर टाकली. चुरमुरं इकडं तिकडं पसरलं, आन् बघता बघता एकमेकाकडं सरकाया लागलं. दोन चिकटलं, त्यास्नी तिसरा येऊन टेकला, मग एक आख्खा पुंजका झाला. कुनी फुकर मारली न्हाय, कुनी बोट लावलं न्हाय. पोरगं परातीत हात घालायला बघलालतं, मी त्याला धरून बसले आन् बघतच ऱ्हायले. एक आठवडा चुरमुरं खाल्लं न्हाईत असं झालं न्हाय, पन त्यांचं असलं वागनं कधी बघितलंच नव्हतं. बाई म्हनल्या, "कवचाचे तुकडे असेच. एकाच साच्यातले, एकसारखे. त्यांच्या कडाच अशा असतात की एकमेकांजवळ आले की बसतात. शिवणारा वेगळा लागत नाही, शिवण तुकड्याच्या अंगातच असते."

पन चुरमुरं तर सपाट पसरल्यालं, कवच गोल. ह्ये मी बोलायच्या आधीच त्यांनी माझ्या पिशवीतल्या चिंध्या मागितल्या. मी पोलक्याच्या उरल्याल्या कापडाचं तिकोनी तुकडं ठेवते, सगळ्या बाजू सारख्या. त्यांनी सा तुकडं टोकाला टोक लावून मांडलं, भाकरीगत सपाट बसलं. "आता ह्यातला एक काढ आणि उरलेल्यांच्या कडा जुळव," म्हनल्या. मी पाच जुळवलं आन् हसलेच, कारन त्यात मला सांगायसारखं काय नव्हतं, ते तर टोपडं! पाच तिकोन जुळवलं की मधे फुगवटा येतोच, तसंच आमी डोक्यावरचं वळन काढतो. बाई म्हनल्या, हेच. जागोजागी पाच-पाच जुळत गेले की वळत वळत कवच आपलं आपन बंद व्हतं, आन् दोरा आत ऱ्हातो. मला एकदम असं दिसलं की माझ्या पोटात वाढताना पोरगं बी तसंच कुनी न शिवता शिवलं गेलं असनार, पन ते मी बोलले न्हाय. बाईंचं लगीन झालं न्हाय, उगी कशाला.

मग मी मुद्द्याचं इच्यारलं. शिवन न्हाय, गाठ न्हाय, डिंक न्हाय, तर ते टिकतं कसं? आन् टिकतंय तर मग नर्सबाई त्याला बर्फात घालून का हिंडती? बाईंनी लई येळ समजावलं, ते माझ्या डोस्क्यात ज्या भाषेत बसलं त्या भाषेत सांगते. तुमी निऱ्या घालता. घडीवर घडी, वर एक खोचा. टाका न्हाय, पिन न्हाय. एकेक घडी बघितली तर कायबी धरून नसती, नुसती टेकल्याली असती. पन सगळ्या मिळून त्या एवढ्या घट्ट बसत्यात की त्याच निऱ्यांवर आपन पानी भरतो, जोंधळं निवडतो, होटगीच्या गाडीला पळतो. आन् सांजच्याला एक खोचा वढला की सगळं लुगडं सुटतं. कवच बी तसंच. त्याला भाईर घट्ट ऱ्हायचं असतं आन् पोटात गेल्यावर बरोबर जागी सुटायचं असतं, न्हायतर आतला दोरा भाईर यायचा कसा? लई घट्ट असून चालत न्हाय, लई सैल असून चालत न्हाय. ह्यातच त्याची सगळी नाजूकता. पोटातल्या आंबटानं त्याला काय व्हत न्हाय. पन ऊब लागली की तुकडं थरथराया लागत्यात, आतला एखादा तुकडा निसटतो, दोरा गळतो. बाटलीत एका जातीचं मीठ घालत्यात, त्यानं जरा धीर धरतं, पन जराच. आन् खरी गोम तर पुढंच हाय. निसटल्यावर बी कवच वरनं तसंच दिसतं, फकस्त त्याचं वळन बदलतं. आपलं अंग त्या वळनावरनंच रोगाला वळखायला शिकतं. बदलल्यालं वळन दावलं तर अंग तेच शिकनार, आन् खरा रोग दारात आल्यावर म्हननार, ह्याला तर आपन कधी बघितलं न्हाय.

"म्हंजी चोराचा चुकीचा फोटू दावल्यागत," मी म्हनलं.

"अगदी तसंच," बाई म्हनल्या, आन् चुरमुऱ्यातलं पानी निथळून ते खायला लागल्या.

मी जिना उतरले ते हलक्या पायानं. भीती गेली नव्हती, पन तिला आता आकार आला व्हता. आदी नुसता अंधार व्हता, आता अंधारात एक टोपडं व्हतं.

आता त्या दिसाचं. ऊन असं की पत्र्याला हात लागला तर कातडी सुटावी. नर्सबाई बोळाच्या तोंडाशी देवळाच्या कट्ट्यावर बसून थेंब देनार व्हती. ती आली आन् लगेच पल्याडच्या बोळातनं बोलावनं आलं, एक बाळंतीन अडली व्हती. आमचं घर मातीच्या जाड भितीचं, आत गारवा, म्हनून थर्मास आमच्याकडं ठेवून गेली. आत्याबाईला बजावून सांगितलं, "मावशी, झाकन उघडू नका हं." आत्याबाई म्हनली, "जा तू बिनघोर." आत्याबाईचा बोळात मान हाय. बाळंतिनीला आन् बाळाला न्हाऊ घालायचं काम ती करती, आमच्या बोळातलं असं एक पोर न्हाय की जे तिच्या पायावर पालथं पडून तेल चोळून घेतलं न्हाय. तिचा एक नेम, दात येईपर्यंत लेकराच्या तोंडात गार कायबी जाऊ द्यायचं न्हाय. पानी कोमट, दूध कोमट, घुटी कोमट. चुलीच्या मागं जी भानवस असती ना, तितं ती सगळं ठेवती, जाळ न लागता ऊब लागायची जागा. मी नळाला गेले व्हते. परत येऊन बघते तर थर्मास उघडा, बर्फाचा खडा आत्याबाईच्या पान्याच्या पेल्यात, आन् भानवशीवर दुधाच्या वाटीला खेटून ती बाटली.

मी झडप घालून उचलली. "आत्याबाई, ह्ये काय केलं वो!"

"काय केलं? गारवा मोडला जरा. त्या नर्सबाईला लेकरं न्हाईत, तिला काय ठावं. घशात बर्फ घालतंय व्हय कुनी? छाती भरंल."

"कवापास्नं हाय हितं?"

"भाकरी झाल्या तवर. का गं, उकळी आली का त्याला?"

आन् तेवढ्यात चपला वाजल्या. पुढचं तुमाला सांगितलंच.

कट्ट्यावर आमी सगळ्या लेकरं घेऊन बसलो. आत्याबाई सगळ्यांच्या पुढं, माझं पोरगं तिच्या मांडीवर, कारन पैला मान तिच्या नातवाचा. पन शेजारनीची पोरगी किरकिर करलालती म्हनून नर्सबाईनं तिलाच आधी घेतलं. शेजारीन तेलगू, नवरा कापडाच्या मागावर कामाला, ती बिड्या वळती, आन् माझ्याशी तिचं सख्ख्या भनीसारखं हाय. पोरीचं गाल दाबलं, तोंड उघडलं, थेंब पडलं. मी बघलालते.  मी काय बोलले तर आत्याबाईचं नाक कापलं जानार, न बोलले तर ह्या सगळ्या बायका घरी जाऊन निवांत झोपनार, चुकीचा फोटू घेऊन. पोरगीनं थेंब गिळलं आन् तोंड वाकडं केलं, आन् माझ्या तोंडातनं निघालंच, "थांबा वो नर्सबाई! ती बाटली चुलीपाशी व्हती!"

 मग सगळ्यांच्या माना आत्याबाईकडं.

"मावशी, झाकण उघडू नका म्हनले नव्हते का मी?" नर्सबाईचा आवाज चिरकला.

"उघडलं म्हून काय झालं? लाडवाचा डबा हाय का त्यो, हात घातला म्हनून वरडायला?" आत्याबाई म्हनली, पन तिचा हात पोराच्या पाठीवरनं फिरायचा थांबला व्हता.

कुनीतरी जाऊन माडीवरच्या बाईंना बोलवून आनलं. नर्सबाईनं बाटली उन्हात धरली, आत गुलाबी पानी, जसं व्हतं तसं. बघून काय सांगता येतंय का, सगळ्यांनी इच्यारलं. बाई म्हनल्या न्हाय, आपल्याकडच्या कुटल्याच भिंगातनं ते दिसनार न्हाय. काही कवचं टिकली असतील, काही न्हाय. विष झालेलं न्हाय, फार तर कामाचं ऱ्हायलं नसंल. त्यांनी खरं तेवढंच सांगितलं, आन् खरं तेवढंच असलं की बायकांचं भागत न्हाय. एक म्हनली, "मग द्या की, न्हाय दिल्यापरास बरं." दुसरी म्हनली, "उन्हात बसवून आता सांडतीस व्हय गं?" तिसरी म्हनली, "आत्याबाईच्या हातानं आमची सगळी लेकरं निगाली, कुनाला काय झालं का?" नर्सबाईच्या डोळ्यात पानी आलं. दुसरी बाटली पुन्याहून पेटी आल्यावर मिळनार, ती कवा येनार ते तिला बी म्हाईत नव्हतं. मग तिनं सांगितलं, ज्यांना घ्यायचंय त्यांनी घ्या, पन ह्ये घेतल्यालं धरायचं न्हाय, पेटी आल्यावर ताजं घ्यायला यायचंच यायचं. निम्म्याच्या वर बायकांनी घेतलं. घेताना सगळ्या आत्याबाईकडं बघून घेत व्हत्या, जसं काय तिच्यासाठीच घेत्यात.

मग आत्याबाईनं माझ्या पोराचं तोंड आपल्या हातानं उघडलं. "दे माझ्या नातवाला." आन् सगळ्या माझ्याकडं बघाया लागल्या. ते थेंब पोराला घातलं असतं तर बाधलं नसतं, बाईंनी सांगितलंच व्हतं, आन् आत्याबाईची लाज ऱ्हायली असती. ताजं नंतर देता आलं असतं की. पन मला म्हाईत व्हतं की एकदा घेतलं की घरात ते घेतल्यालंच धरनार. परत कशाला म्हननार. ह्ये बी म्हननार, म्हंजी आमचे मालक, ते होटगीला रुळावर कामाला हायत आन् आईच्या पुढं शब्द काढत न्हाईत. मी पुढं झाले आन् पोराला मांडीवरनं उचललं. "नको. ताजं आल्यावर." एवढंच बोलले. पोरगं तोंड उघडंच ठेवून माझ्याकडं बघत व्हतं.

आत्याबाई उठली, लुगडं झटकलं आन् घरात गेली. त्यानंतर किती तरी दिस ती माझ्याशी पोराच्या तोंडानं बोलायची. "तुझ्या आईला म्हनाव भाकरी गार व्हलाल्यात." "तुझ्या आईला इच्यार, आज तेल चोळू का ते बी दवाखान्यात न्यायचंय." त्याला तर बोलता बी येत नव्हतं. मी पोरालाच उत्तर द्यायचे. बोळाच्या टोकाला एक नवी बाळंतीन आली, तिनं न्हाऊ घालायला दुसरीला बोलावलं. आत्याबाईनं ते ऐकलं आन् तेलाची वाटी घासून पालथी घातली. मला वाटलं व्हतं ती भांडंल. भांडली असती तर बरं झालं असतं.

पेटी याया लई दिस लागलं. पोराचं कपाळ जरा तापलं की मी त्याला उताना टाकायचे आन् तळपायाला बोटानं गुदगुली करायचे, पाय झटकला की माझा श्वास सुटायचा. कदी कदी तो झोपंत असायचा, लवकर झटकायचा न्हाय, आन् तेवढ्यात मी मनानं कुटं कुटं जाऊन यायचे. शेवटी पेटी आली, आन् मी मंडईपाशी दवाखान्यात जाऊन बर्फातल्या बाटलीतलं थेंब त्याला दिलं. परत आले तर आत्याबाई दारात. "गार लागलं का रं?" तिनं पोराला इच्यारलं, आन् त्याच्या छातीला ओव्याची पुरचुंडी शेकवली. मी शेकू दिली.

ज्यांनी कोमट घेतलं व्हतं त्यातल्या दोघी-तिघी ताजं घ्यायला आल्या, बाकीच्या आल्या न्हाईत. शेजारीन बी न्हाय. मी तिला लई सांगितलं. पाटीवर बिड्यांची पानं कातरत ती ऐकायची. "आमच्या पोरीला दिलंय की अक्का. परत कशाला, लई झालं तर बाधंल." मी कवचाचं सांगितलं, वळनाचं सांगितलं, निऱ्यांचं सांगितलं. ती हसून पानावरच आडवी पडली. "निऱ्या? बाटलीत निऱ्या? अक्का, तुमाला ऊन लागलंय." मग डोळं पुसून म्हनली, "आत्याबाईनं मला मरनातनं काढलंय. पोरगी पायाळू व्हती, नर्स यायच्या आधी ह्या हातांनीच सोडवली. तेंचा हात लागल्यालं खोटं झालं असं मी कशी म्हनू?"  ती बी खोटं बोलत नव्हती.

आन् त्या उन्हाळ्यात बोळातल्या कुनाचंच पाय गेलं न्हाय. ज्यांनी गार घेतलं त्यांचं न्हाय, ज्यांनी कोमट घेतलं त्यांचं न्हाय, ज्यांनी काय घेतलं न्हाय त्यांचं बी न्हाय. आत्याबाई आता माझ्याशी नीट बोलती, पन मधनंच म्हनती, "बघ, काय झालं? काय न्हाय." मी काय सांगू? झाल्याल्या गोष्टीला निशानी ऱ्हाती, त्या पल्याडच्या पोरीच्या पायासारखी. न झाल्याल्या गोष्टीची निशानी कुटं दावायची? पोराच्या अंगात ते वळन शिकून ठेवलं असंल, कुटंतरी, न दिसता, न बोलता. मी त्याला पळताना बघते तवा मला नुसतं पोरगं पळताना दिसतं. दुसरं काय दिसत न्हाय. आन् माझा स्वभाव असा की दिसत न्हाय त्याचीच राखन मी जास्त करते.

एकदा पोराला पुढचं थेंब द्यायची पाळी आली. त्याच दिशी शेजारनीनं बिड्या कारखान्यात द्यायला जाताना पोरगीला माझ्याकडं ठेवलं, नेहमी ठेवती तशी. "मंडईत चाललाय ना अक्का, हिला बी घेऊन जावा, रडती." मी दोन कडंवर दोघं घेतली. मंडईत जायचा रस्ता दवाखान्यावरनंच जातो. पोरगीचं मी काय ठरवून निघाले नव्हते, ह्ये तुमाला पटंल का न्हाय म्हाईत न्हाय, मला बी धड पटत न्हाय. पोराला थेंब दिलं, नर्सबाईनं त्याच्या गालाला चिमटा काढला, मग तिची नजर दुसऱ्या कडंवर गेली.

"ही त्या दिवशीची पैली ना? हिला ताजं दिलं का?"

"न्हाय," मी म्हनलं.

तिनं बर्फातनं बाटली काढली. पोरगी बाटलीकडं बघत व्हती, हसत व्हती. तिचा पाय माझ्या पोटाला लाथा मारत व्हता, भरीव, गुबगुबीत, जित्ता पाय. नर्सबाईनं गाल दाबायला हात पुढं केला आन् मधेच थांबवला.

"हिच्या आईनं पाठवलंय ना?"

माझ्या मागं आनखी बायका हुब्या व्हत्या, लेकरं रडलालती, बर्फ पाघळत व्हता. मी म्हनलं, "व्हय."

शेजारनीला मी अजून सांगितलं न्हाय. परवा आमी दोघी उंबऱ्यात शेंगा फोडत बसलो व्हतो, तिची पोरगी आन् माझं पोरगं बोळातनं कुत्र्याच्या मागं पळलालते, आन् ती म्हनली, "बघा अक्का, एकदाच दिलं, आत्याबाईच्या हातचं, आन् कशी पळती." आत्याबाई आतनं ऐकत व्हती. मी शेंगा फोडत ऱ्हायले. आईला न इच्यारता तिच्या लेकराच्या तोंडात काय घालावं, ह्ये मी माझ्या बाबतीत कुनाला करू दिलं नव्हतं, सासूला बी न्हाय. आन् तेच मी दुसरीच्या बाबतीत केलं. पोरगी पळती तवा मला बरं वाटतं, आन् शेजारीन हसती तवा मला खाली बघावं लागतं, दोन्ही एकाच येळंला. तुमी त्या रांगेत असता, लेकरू दुसरीचं, कडंवर तुमच्या, आन् पुढं नर्सबाईचा हात थांबल्याला, तर तुमी काय म्हनाला असता?